इंदूरच्या मुक्कामात भेटलेले डॉ. कोटणीस

इंदूरला जाऊन सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, न खाता परतणे हा तिथल्या आप्तांच्या लेखी अपराधच असल्यामुळे तो सोपस्कार मीही उरकला. पण रात्रीच्या धक्काबुक्कीत उभ्याउभ्या गराडू (तळलेला कंद) गिळण्यात मला फारसे सुख लाभले नाही. मांडूचा दिवस धुक्यात गेला. लिहावेसे वाटते ते रामबागेत मामांकडे घालवलेल्या एका दुपारविषयी.

मामा निवृत्त शल्यचिकित्सक आहेत. मी सोलापूरचा असल्याने जेवताना भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकाचा विषय निघाला, आणि मामेभाऊ सहज म्हणाला, "ते भारत-चीन मैत्रीवाले ना?" मामा उखडले. "मैत्रीचं राहू दे. ते सर्जन होते, हे कुणी सांगतं का?"

मग तास-दीड तास ते बोलत राहिले. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्यांच्याआधी तिथे गेलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचा आग्रह असा, की जखमी येण्याची वाट न पाहता शल्यचिकित्सकानेच आघाडीजवळ जावे. १९३९ मध्ये त्यांनी एका लढाईत ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या. त्याच वर्षी हातमोज्यांविना शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले आणि रक्तात विष भिनून ते गेले. कोटणीसांची व त्यांची भेट झालीच नाही. पण बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे पहिले संचालकपद १९४१ साली कोटणीसांकडे आले.

बोलता बोलता मामांनी मामींच्या विणकामातला लोकरीचा धागा उचलला आणि रिकाम्या कपाच्या कानाला एका हाताने, तिकडे न पाहता, टाके घालताना मारतात तशी गाठ मारली. पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसाची बोटे चहा ओतताना थरथरतात, पण या कामात ती क्षणभरही अडखळली नाहीत. "हे सलग बहात्तर तास, झोपेशिवाय," ते म्हणाले. १९४० च्या लढाईत कोटणीसांनी खरोखरच तसे काम केले होते.

मामांना त्याहून मोलाचे वाटते ते त्यांचे शिकवणे. कोटणीस चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले आणि शल्यशास्त्रावर पुस्तक लिहायला बसले. ते अपुरे राहिले, कारण ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. वय अवघे ३२. मागे पत्नी क्वो छिंगलान आणि काही महिन्यांचा मुलगा. एका डॉक्टरच्या हातून वाचलेल्यांची गणती संपते, त्याने घडवलेल्या डॉक्टरांच्या हातून वाचलेल्यांची संपत नाही, असे मामांचे गणित आहे आणि मला ते पटते.

चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटतात, छायाचित्रे छापून येतात. मामांचा त्यालाही विरोध नाही. त्या बातमीत एखादे वाक्य तरी शस्त्रक्रियेविषयी असावे, एवढीच त्यांची अपेक्षा. त्यांचे हे भाषण ऐन रंगात असताना मामी कप विसळायला न्यायला आल्या, आणि ती गाठ कुणालाच सोडवता न आल्यामुळे शेवटी कात्री आणावी लागली.