नानांचा कोळंबीचा कंटेनर

नाशिकात निर्यातीची कागदपत्रं करायची म्हणजे द्राक्षं आणि कांदा, बाकी किरकोळ. त्यामुळे गेल्या दिवाळीआधी पिंपळगावचे नाना अमेरिकेची कोळंबीची ऑर्डर घेऊन आले, तेव्हा मी ती दोनदा वाचली. ट्रॉलर रत्नागिरीच्या मेहुण्याचा, भांडवल नानांचं.

मी डीएस-२०३१ काढला, म्हणजे अमेरिकेला कोळंबी पाठवताना भरायचा घोषणेचा फॉर्म. त्यात मुख्य प्रश्न हाच, की माल तळ्यात वाढवलेला की समुद्रात पकडलेला?

"समुद्रातला! एकदम अस्सल," नाना म्हणाले.

तिथेच घोडं पेंड खात होतं. भारताच्या समुद्रातली कोळंबी अमेरिकेने २०१९ पासून बंद केलीय. कारण कासवं.

"कोळंबीत कासव कुठून आलं?"

त्यांच्याच कांद्याच्या पट्टीमागे मी जाळ्याचं चित्र काढून दाखवलं. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, तासन् तास ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात ते गुदमरून मरतं. जाळ्याच्या गळ्याशी तिरकी गजांची चौकट बसवली, की कोळंबी गजांमधून आत जाते आणि कासव वरच्या झडपेतून सुटतं. कासवांना धोका होईल अशा रीतीने पकडलेली कोळंबी रोखणारा अमेरिकेचा हा कायदा १९८९चा. आपण मलेशिया, पाकिस्तान, थायलंडसोबत जागतिक व्यापार संघटनेत भांडलो. १९९८मध्ये निकाल आला: हेतू रास्त, वागणूक पक्षपाती. कॅरिबियन देशांना तयारीला तीन वर्षं, आशियाला चार महिने! अमेरिकेने अंमलबजावणी सुधारली, कायदा टिकला.

"मग बसवतो चौकट. खर्च किती?"

नानांचा हिशेब सरळ होता, नियमाचा नाही. प्रमाणपत्र मुख्यतः देशाला मिळतं. एकट्या मेहुण्याने चौकट बसवून भागत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं. माझं मत विचाराल, तर सरसकट बंदीपेक्षा आयात शुल्काच्या पायऱ्या बऱ्या: चौकटवाल्या बोटीच्या मालाला कमी, बाकीच्यांना जास्त. बोटनिहाय तपासणी किचकट आहे, मान्य. पण फरक खिशाला जाणवला, तर खलाशी स्वतःच झडप तपासेल.

शुल्क होतंच म्हणा. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ते ५० टक्क्यांवर नेलं होतं, त्यात तळ्यातली कोळंबीही भरडली. त्या आकड्याचा कासवाशी काडीचाही संबंध नव्हता.

नानांनी तळ्यातल्या व्हनामी जातीच्या कोळंबीचा भाव विचारला, त्यावर शुल्क चढवून पाहिलं आणि छापता न येणारे दोन शब्द उच्चारले. मी जपानच्या खरेदीदारांकडे चौकशी करायचं सुचवलं.

"मेहुण्याला काय सांगू आता?" म्हणत त्यांनी फोन लावला, आणि रिंग जाताच तो माझ्या हातात दिला.