त्या फोटोबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून

“एक मे रोजी तुम्ही हेलसिंकीत थंडीत, उघड्यावर गवतावर बसून नेमकं करता काय?” हा प्रश्न दरवर्षी येतो. आणि त्याच्यामागे दबा धरून बसलेला दुसरा: “आप्पा गेले त्या आठवड्यातसुद्धा बसला होतात ना?”

बसलो होतो. आप्पा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे काका, आणि त्याच आठवड्यात तिथे टोपी घालून हसणाऱ्या नवऱ्याचा फोटो तुमच्यापर्यंत पोहोचला. आता ऐका.

आधी सोपा प्रश्न. तुमच्याकडे त्या दिवशी झेंडावंदन आणि आमरस, इथे वाप्पू. कामगार दिन, विद्यार्थ्यांचा सण आणि वसंत, तिन्ही एकाच सुट्टीत. तीस एप्रिलच्या संध्याकाळी विद्यार्थी बाजारचौकातल्या हाविस आमांडाच्या पुतळ्याला आंघोळ घालून पांढरी टोपी चढवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून उल्लानलिन्नानमाकीच्या टेकडीवर शहर लोटतं. शालान्त परीक्षेला मिळालेली टोपी सत्तरीचे आजोबाही घालून येतात, पिवळी पडलेली. थर्मॉसमध्ये कॉफी, साखरेत घोळवलेले मुंक्की म्हणजे डोनट, पाकात बुडवायची राहून गेलेल्या जिलबीसारखं टिप्पालेइपा, आणि लिंबू-साखरेला यीस्ट घालून घरी आंबवलेली सिमा. तिच्या बाटलीत चार मनुका टाकतात. त्या वर तरंगल्या की सिमा तयार. दहा अंश तापमान असलं तरी लोक खूश. एखाद्या वर्षी बर्फही पडतो, तरी उठत कोणी नाही. डिसेंबरात इथे सहा तासांचाही दिवस नसतो, एक मेला तो सोळा तासांचा झालेला असतो. तो हिवाळा काढल्याशिवाय हे वेड कळणार नाही, आणि कळावं असा माझा आग्रहही नाही.

आता आप्पा.

एकोणतीसच्या रात्री साताऱ्याहून फोन आला. दुसऱ्या दिवशी संगम माहुलीचा अंत्यविधी आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिला, तोही दिराच्या हातातला फोन हलत होता तेवढाच. तिकीट मिळालं ते पाच तारखेचं, तेही फक्त नवऱ्यासाठी. मधले दिवस? नवरा सोफ्यावर, भिंतीकडे तोंड करून. जेवला नाही असं नाही. मी ताट आणलं की जेवायचा आणि परत भिंतीकडे. रडला नाही, बोलला नाही. तुमच्या घरी तेव्हा माणसं मावत नव्हती, कोणी पिठलं-भात आणत होतं, कोणी नुसतंच येऊन बसत होतं. आमच्या दाराची बेल वाजली नाही. इथे न सांगता कोणी कोणाकडे जात नाही.

एक तारखेला खालच्या मजल्यावरच्या आजींनी मुलीला टेकडीवर नेऊ का, असं विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तुम्हीही चला, घोंगडी मोठी आहे. नवरा उठेल असं मला वाटलं नव्हतं. उठला.

तिथे तासभर गप्पच. आजींनीही सांत्वनाचं काही म्हटलं नाही, कॉफी ओतून दिली आणि त्याच्याजवळ सरकून बसल्या. वारा समुद्रावरून थेट कानात शिरत होता. आणि मग अचानक तो बोलायला लागला. मे महिन्यात आप्पा सगळ्या पोरांना अजिंक्यताऱ्यावर चालवत न्यायचे, खाली आल्यावर ‘चार भिंती’ नावाच्या स्मारकापाशी भेळ, कोणाच्या पायाला फोड आला तर त्याला खांद्यावर. आजींना, इंग्रजीत, मोडकंतोडकं. हुंदका आला तो तिथे, हजारो लोकांत, शेजारी कोणीतरी अकॉर्डियन वाजवत असताना.

फोटो त्याच्या नंतरचा आहे. मुलीने आजींची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, तो हसला, कोणीतरी टिपलं. हातातला ग्लास सिमाचा आहे, शॅम्पेनचा नाही. हो, सिमात नावापुरता अल्कोहोल असतो. हो, ती गोड असते, आणि सुतकात आम्ही घरात गोड केलं नव्हतं. हा मुद्दा जाऊबाईंनी अजून काढलेला नाही, मीच काढून देते.

त्या दिवसांत मी स्वतःला बजावत होते: आपण शोक करायलाच बाहेर पडलो. आता तेही मला पुरतं पटत नाही. मुलीचा हिरमोड नको हेही होतं. चार भिंतींत त्याच्याकडे बघवत नव्हतं, हेही होतं. आणि ऊन पडलं होतं. हे शेवटचं कारण मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण ते ऐकायला फार वाईट लागतं. सासूबाईंना त्या फोटोने लागलं, हे मला माहीत आहे. भावजयींच्या घोळक्यात त्यांना तो कोणीतरी दाखवला, तेव्हा त्या काय बोलल्या हेही मला कळलं आहे. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझं चुकलं असंही नाही. आप्पांना काय वाटलं असतं, याची दोन्ही बाजूंनी ग्वाही देणारे खूप भेटले. मी त्यांच्यात नाही.

एक मात्र खटकतं. फोटोत टोपी घालून हसतोय तो आप्पांचा सख्खा पुतण्या. मी चौकटीच्या बाहेर, डबे भरत होते. तरी इतकी वर्षं प्रश्न येतो तो मला. यापुढे त्याला विचारा. नंबर तुमच्याकडे आहेच.