'गॅलरीत काय लावू?' तुम्ही विचारलंत म्हणून

'गॅलरीत कोणती झाडं लावू?' या प्रश्नावर मी उलट विचारते, 'गॅलरीचं तोंड कुठे?' लोकांना वाटतं, मी टाळतेय. टाळत नाही. झाडांची यादी देणं सोपं आहे. पूर्वी मीही द्यायचे, आणि त्याच याद्यांतली रोपं लोकांकडे मेली.

पुण्यातली उत्तरेची गॅलरी घ्या. बागेचा बेत ठरतो मे महिन्यात, सुट्टीत. तेव्हा सकाळी ईशान्येकडून आणि संध्याकाळी वायव्येकडून छान ऊन येतं. मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेलाच. एवढं ऊन बघून कोणालाही टोमॅटो लावावासा वाटेल. पावसाळ्यात ढगांमुळे काही लक्षात येत नाही. पण २३ सप्टेंबरच्या आसपास उत्तरेच्या भिंतीवरचं ऊन जातं, ते २१ मार्चपर्यंत परतत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पुणं तापलेलं, आणि तुमची कुंडी सावलीत. मग पेरं लांबतात, खोड सुतळीसारखं बारीक राहतं, रोप कठड्याबाहेर झुकतं. फुलं येतात, देठाच्या गाठीशी पिवळी पडतात आणि गळतात. तुम्ही घाबरून खत घालता. खतातल्या नत्राने (नायट्रोजनने) पानं माजतात, फळ धरत नाही. म्हणून पाणी वाढवता. सावलीतली कुंडी आधीच वाळत नाही, त्यात मुळं कुजतात. आणि शेवटी म्हणता, 'माझ्या हाताला यशच नाही.' हाताचा काय संबंध? रोपाला रोज सहा तास ऊन हवं होतं.

गच्चीवरही तेच. डिसेंबरात पुण्यात दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. दक्षिणेच्या तीन फुटी कठड्याची सावली आत पावणेतीन फूट पडते. ऐन भाजीच्या हंगामात त्या कठड्याला टेकलेल्या कुंड्या अंधारात. उत्तरेच्या कठड्यालगत ठेवा, तिथे ऊन पोचतं.

वजनाचं थोडक्यात: २० लिटरची कुंडी भिजली की ३० किलोच्या घरात जाते. गॅलरीत मोठ्या कुंड्या घराच्या भिंतीलगतच. बाहेरच्या कडेला नकोत. माती, कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्या मापाने घ्या. नुसती काळी माती कुंडीत दगडासारखी आवळते. तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर देऊ नका, पाणी त्याच्यावर मातीतच अडून राहतं. भोकावर एक खापरी पुरते. कुंडी दोन विटांवर उचला.

गॅलरीचं तोंड बघून झाड ठरवायचं, हा माझा नियम. आता तो जिथे डळमळतो, तेही सांगते. समोरच्या इमारतीची पांढरी भिंत उजेड परतवत असेल, तर उत्तरेच्या गॅलरीतही मिरची धरलेली दिसते. किती धरेल, हे आधी सांगता येत नाही. एकच कुंडी ठेवून बघा. दर महिन्याच्या २१ तारखेला नऊ, बारा आणि तीन वाजता उन्हाची कड फरशीवर खडूने आखा, तारीख लिहून फोटो काढून ठेवा. तोवर तिथे अळू आणि पुदिना लावा.