वाकणारी बरगडी

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा मैदान, घंटा आणि सहलीवर लिहिणारे पुष्कळ जण असतील हे गृहीत धरलं. मी मिरजेत एका अस्थिरोग रुग्णालयात एक्स-रे काढतो. दिवसभर लोकांची हाडं बघणाऱ्या माणसाला शाळेतलं आठवून आठवून काय आठवणार? नववीतली अस्थिऊती, म्हणजे हाडाची ऊती.

पुस्तकात ती जेमतेम अर्ध्या पानाची होती. जीवशास्त्राच्या बाईंनी तिच्यावर पंधरवडा घालवला. ‘घरून हाडं आणा’ म्हणाल्या. सांगलीच्या गावभागातल्या आम्हा बऱ्याच जणांच्या घरी मटण शिजायचं नाही, त्यामुळे त्या आठवड्यात खणभागातल्या मित्रांचा भाव एकदम वधारला. एकाने बकऱ्याच्या बरगड्या घासूनपुसून कागदात बांधून आणल्या. बाईंनी एक बरगडी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली आणि दुसरी चिमट्यात धरून बर्नरवर भाजत बसल्या. प्रयोगशाळेत जो वास सुटला, त्याबद्दल शेजारच्या वर्गातून तक्रार आली.

भाजलेली बरगडी पांढरीफटक झाली आणि बोटांनी दाबताच तिचा चुरा झाला. आम्लातली बरगडी काही दिवसांनी बाहेर काढली, तर दिसायला तशीच्या तशी, पण बोटाला गुंडाळता येत होती! आम्लाने हाडातलं कॅल्शिअम फॉस्फेट विरघळवलं होतं. उरलं ते कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन. जाळात उलटं झालं होतं, कोलॅजेन जळून गेलं आणि नुसते क्षार उरले. तेव्हा शाळेच्या नव्या इमारतीचा स्लॅब पडत होता. बाईंनी खिडकीतून तिकडे बोट केलं आणि म्हणाल्या, ‘सळई काढली तर काय होईल? सिमेंट काढलं तर काय होईल?’ ताण सोसतं कोलॅजेन, दाब सोसतात क्षार. पुढे अभ्यासक्रमात हाडातल्या याच क्षाराचं नाव म्हणून हायड्रॉक्सिअ‍ॅपॅटाइट हा लांबलचक शब्द आला, तेव्हा मला तो स्लॅबच दिसला.

शाळेत एकच सूक्ष्मदर्शक, त्यामुळे रांग. त्यात हाडाच्या पातळ कापाची स्लाइड होती. मधोमध एक बारीक नळी आणि तिच्याभोवती वलयांवर वलयं. क्लॉप्टन हॅवर्स या इंग्रज वैद्याने १६९१ साली या नळ्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या हॅवर्स नलिका. त्यांतून रक्तवाहिन्या आणि चेतातंतू जातात. वलयांच्या मधल्या इवल्या पोकळ्यांत अस्थिपेशी बसलेल्या असतात. ‘म्हणजे हाड जिवंत असतं,’ बाई म्हणाल्या. मागच्या बाकावर हशा पिकला. आमच्या मते हाड म्हणजे माणूस गेल्यावर मागे राहतं ते.

त्या हशाचं उत्तर मला रोज मिळतं. हाडात पेशींच्या दोन टोळ्या सतत कामावर असतात. ऑस्टिओक्लास्ट जुनं हाड खातात, ऑस्टिओब्लास्ट नवं घालतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असा बदलला जातो. या हिशेबाने शाळेच्या बाकावर टेकलेली आमची मूळ हाडं केव्हाच निकालात निघाली आहेत. माजी विद्यार्थी म्हणून सह्या करतोय तो सांगाडा नवा आहे. शरीरातलं जवळजवळ ९९ टक्के कॅल्शिअमही हाडांतच असतं. रक्तात ते कमी पडलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून काढून देतात, कारण हृदयाला आणि स्नायूंना त्यावाचून एक क्षण चालत नाही. पाळी गेल्यावर बायकांमध्ये खाणारी टोळी वरचढ होते. मग आज्जी न्हाणीत नुसत्या घसरल्या तरी खुबा मोडतो.

मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी तिकडे जर्मनीत रोंटगेनने क्ष-किरण शोधले. आज आमच्याकडे कर्नाटकातून, जतहून, आटपाडीहून माणसं येतात. पोराचं मनगट पडद्यावर आलं की आई घाबरते, ‘अवो, हितं तर फट पडलीया!’ मी सांगतो, ‘मावशी, ते मोडलेलं नाही. तिथनंच पोरगं वाढतंय.’ ती वाढीची चकती. कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची असते म्हणून एक्स-रेत काळी दिसते. साधारण सोळा-अठराव्या वर्षापर्यंत ती हाडाने भरून जाते. वयोगटाच्या क्रिकेटमध्ये दाखल्यावरच्या जन्मतारखेपेक्षा मनगटावर जास्त विश्वास ठेवतात, तो यामुळेच.

तालमीतल्या पोरांचे फोटो काढायला मला विशेष आवडतं. हिंदकेसरी मारुती माने यांच्या कवठेपिरानचा हा सांगली जिल्हा, पैलवानांना तोटा नाही. त्यांच्या हाडाची बाहेरची भिंत जाडजूड दिसते. जिथे भार पडतो तिथे हाड स्वतःला भक्कम करतं, हे ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ साली मांडलं. उलट, महिना-दीड महिना प्लास्टरमध्ये राहिलेला पाय बघा, हाड फिकट पडलेलं असतं. पोराला घरात कोंडून कॅल्शिअमच्या गोळ्या चारणाऱ्या पालकांना मी हे दोन फोटो शेजारी शेजारी दाखवतो. काहींना पटतं, काही ‘कुठली कंपनी चांगली?’ असं विचारतात.

एक मात्र तळमळीने सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत गावोगावचे पालक आहेत. कोपराला मार लागला तर चोळू नका. तेल लावून जोरात चोळलं की कधीकधी स्नायूतच हाड तयार होतं आणि कोपर आखडून बसतं. असे एक्स-रे बघताना अजूनही जीव कळवळतो.

आणि हो, पंधरा दिवसांनी येऊन ‘अजून जुळलं कसं नाही?’ म्हणू नका. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, मग मऊ जोड येतो. क्षार साठेपर्यंत तो एक्स-रेत उमटत नाही, पण काम सुरू झालेलं असतं. कातडीवर जखमेचा वण राहतो. हाडाला मात्र पुरेसा वेळ मिळाला तर ते पुन्हा हाडच होतं.

रुग्णालयातल्या काही जुन्या फिल्म, वरिष्ठांची परवानगी घेऊन आणि नावाच्या पट्ट्या कापून, शाळेच्या प्रयोगशाळेला दिल्या आहेत. वाढीच्या चकत्या, पैलवानाची मांडी, प्लास्टरमधून निघालेला पाय आणि चोळलेलं कोपर, सगळं त्यात आहे. नववीच्या मुलांना त्या खिडकीच्या काचेवर लावून दाखवा. बरगड्यांची सोय खणभागातून होईलच.