टिपूस नाही

"आई, तू रडलीसुद्धा नाहीस गं."

सई काल फोनवर म्हणाली. सहज म्हणाली, आवाजात रुसवा नव्हता. ती घर सोडून निघाली तेव्हा बाबा कसा हमसून रडला, वैशूमावशीनं रुमाल कसा भिजवला, हे सांगता सांगता ते वाक्य मध्येच आलं आणि पुढे विषय तिच्या नव्या खोलीच्या खिडकीकडे गेला. मी "हो का" म्हटलं. फोन ठेवला आणि तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

वैशू तर तिथेच म्हणाली होती, "हिच्या डोळ्यांत टिपूस नाही बघ." तिचं मी मनावर घेत नाही. सईचं मात्र लागलं.

मी रडले होते की नव्हते? काल रात्रभर हेच आठवत पडले होते. सईच्या पाठीवरच्या बॅगेची चेन निघायच्या वेळी अडकली. ती इवलीशी पट्टी माझ्या चिमटीत धरवेना, म्हणून दोन बोटांच्या पेरांमध्ये पकडून मी ती ओढत होते. सई पाठमोरी उभी होती. तिच्या मानेवरचे बारीक केस दिसत होते. तेव्हा घशात आवंढा दाटला, हनुवटी थरथरायला लागली, छाती भरून आली. सगळं झालं, फक्त पाणी आलं नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरलं, पापण्या मिटताना घासल्या, आणि मी तोंड फिरवून घट्ट डोळे मिटून उभी राहिले. तेवढ्यात चेन सरकली. सई वळली तेव्हा तिला दिसली ती कोरड्या चेहऱ्याची आई.

आमवात म्हटलं की लोक आधी माझ्या बोटांकडे बघतात. बघणारच, बोटं समोर असतात. पण शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणा एकदा स्वतःच्याच शरीरावर उलटली की ती सांध्यांपाशीच थांबेल असं काही नाही. अश्रू बनवणारी ग्रंथी वरच्या पापणीच्या आत, बाहेरच्या कोपऱ्याकडे असते. पांढऱ्या पेशी तिथे जाऊन ठाण मांडतात आणि ग्रंथीचं काम हळूहळू मंदावतं. लाळेच्या ग्रंथींचंही तसंच. माझ्या उशाशी पाण्याची बाटली असते ती त्यासाठी. गेल्या काही वर्षांत दाढा एकामागून एक किडल्या त्याही त्यामुळेच, कारण लाळ कमी पडली की दातांना राखण राहत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं होतं ते आठवतं. फिल्टर पेपरची अरुंद पट्टी टोकाशी दुमडून खालच्या पापणीत अडकवली आणि पाच मिनिटं तशीच बसवून ठेवलं. पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा होत्या. पाणी 10 च्या पुढे चढलं तर ठीक, 5 च्या आतच राहिलं तर डोळा फार कोरडा. माझं पाणी दुमडलेल्या टोकापासून जेमतेम पुढे सरकलं होतं. मी ती पट्टी मागून घेतली आणि उजेडात धरून पाहिली. ओलसर कडा कुठे संपते ते नीट दिसत होतं. बाकी सगळा कागद कोरडा. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. थेंब लिहून दिले, दिवसातून कितीदा घालायचे ते सांगितलं, घरी आले. असा दिवस येईल तेव्हा हे आठवेल, असं कशाला मनात येणार.

1933 मध्ये हेन्रिक श्योग्रेन नावाच्या स्वीडिश नेत्रतज्ज्ञानं आपल्या प्रबंधात 19 बायकांची हकीकत नोंदवली होती. सगळ्यांचे डोळे आणि तोंड कोरडं, आणि त्यांतल्या 13 जणींना सांध्यांचाही त्रास. हे मी फार पूर्वी वाचलं होतं, काल रात्री परत आठवलं. त्या तेरा जणींनाही कुणाला तरी निरोप द्यावा लागला असेल. त्यांच्याही घरात कुणी तरी बोललं असेल. त्यांना तर हे कशामुळे होतंय तेही माहीत नसणार, तो डॉक्टर भेटेपर्यंत.

पण डोळ्यांवर सगळं ढकलून माझं समाधान होत नाही. सईला ते उत्तर पुरेल, मला पुरत नाही. त्या सकाळी मला जेवढं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं का? हे खरं आत सलतंय. कारण डोळे कोरडे होते तसं मनही कुठेतरी बधिर होतं. आठवडाभर बधिर होतं. ती जाणार, जाणार असं सगळे म्हणत होते, आणि मला मधूनच वाटायचं, कुणीतरी मला थोडा वेळ झोपू द्या.

हा थकवा झोपून जात नाही. उठते तीच दमलेली. ताप आला की आपण गुरफटून पडतो, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, आवडीची गोष्टही नकोशी होते. दाह वाढवणारी रसायनं, टीएनएफ, इंटरल्यूकिन-6 वगैरे, मेंदूला तसा निरोप पोचवतात: पडून राहा, माणसांपासून बाजूला हो. तापात ते योग्यच असतं, ताप उतरला की निरोपही थांबतो. माझ्याकडे तो रोज येतो. त्यात आदल्या रात्री मेथोट्रेक्सेट, हे आमवाताचं औषध, घेतलेलं, त्याचा दुसरा दिवस नेहमीच जड जातो. हिमोग्लोबिन तर कायमचंच कमी. इंटरल्यूकिन-6 मुळे यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त बनवतं, आणि शरीरात साठवलेलं लोह साठ्यातच अडकून बसतं. रिपोर्टात फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची खूण, भरपूर आणि रक्त मात्र कमी. त्यावर नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी फारसं काही होत नाही, आधी दाह आटोक्यात यावा लागतो. हे सगळं मला पाठ आहे. पाठ असून काय झालं?

मग माझ्यात माझं उरलं किती? चिडते तेव्हा मी चिडते, की तो दाह? समारंभाला जायचं टाळते ते मला माणसं नको झालीत म्हणून, की अंगात त्राण नाही म्हणून? सई निघाली तेव्हा मी गप्प होते, ते गप्प राहणं कुणाचं होतं? पूर्वी मी किती रडायचे ते मिलिंदला माहीत आहे. लहानसहान गोष्टींना डोळे भरून यायचे. आता एकुलती एक मुलगी घर सोडून निघाली आणि त्या एका सकाळीही मला माझं मन पुरतं मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. सांधे घे, म्हटलं असतं मी. हात वाकडे कर. एवढी एक सकाळ सोडायची होती.

हे काल रात्री. आज दुपारपासून जरा निवळलंय.

दुपारी सईच्या कपाटात उरलेले कपडे आवरत होते. त्यांना हात लावला तेव्हा निघायच्या दिवसाची पहाट आठवली. उजाडायच्या आत उठले होते. बोटं उघडत नव्हती, ती कोमट पाण्यात धरून बसले, मग तिच्या कपड्यांच्या घड्या घातल्या. सगळ्या. बाह्या आत दुमडून, तिला आवडतात तशा. मिलिंद म्हणत होता, राहू दे, ती करेल तिथे गेल्यावर. शरीर पडून राहा म्हणत होतं आणि मी उठले होते. ते उठणं कुणाचं होतं याबद्दल मला शंका नाही. ते माझंच.

तेवढ्यावर मात्र मी हिशेब मिटवणार नाही. कारण मग ज्या दिवशी उठवत नाही, त्या दिवशी मी कमी पडले असं होईल, आणि असे दिवस पुष्कळ असतात. त्या दिवशीही मी तीच असते. काय माझं आणि काय आजाराचं याची रेघ मला मारता येणार नाही, बहुधा कधीच नाही. इतकी वर्षं आम्ही एकाच अंगात राहतोय. एकदा हे मान्य केलं की थोडं हलकं वाटतं. रडू आलं तर आलं, पाणी नाही आलं तर नाही. घसा दाटला होता, तो खरा होता.

सईला डोळ्यांचं सांगेन. बाकीचं बघू.

आवाजाचं तिच्या लक्षात आलं असावं, पण ती काही बोलली नाही. स्वरयंत्रात स्वरतंतू हलवणारे दोन बारीक सांधे असतात. तेही सांधेच, तिथेही सूज येते. सकाळी आवाज घोगरा निघतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. मी गायचे. असो.

कोपराखालच्या आमवाताच्या गाठी दुखत नाहीत. मिलिंदचं बोट कधी कधी त्यांवर जातं आणि तो काढून घेत नाही.

एक गोष्ट मात्र ज्यांना हा आजार आहे त्यांना मी भेटेल तिथे सांगते, इथेही लिहून ठेवते. डोळा नुसता चुरचुरणं वेगळं. तो लालभडक झाला, आतून ठणकायला लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसायला लागलं, तर थेंब घालत वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. डोळ्याच्या पांढऱ्या आवरणालाच दाह झालेला असू शकतो आणि त्यात नजर जाऊ शकते. तसंच भूल द्यायची वेळ आली तर आमवात आहे हे आधी सांगायचं, मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल झालेला असू शकतो. हृदयविकाराचा धोकाही इतरांच्या साधारण दीडपट धरतात, म्हणून रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासत राहायचं. सांधे त्यातल्या त्यात बरे असतानाही. हे कुणी आपणहून सांगेल म्हणून थांबू नये. भेटीच्या वेळात बोटं दाबून बघेपर्यंतच वेळ संपतो.

आणि आता श्वास. अलीकडे जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागतं, कोरडा खोकलाही येतो. एरवी हेही थकव्याच्या खात्यात टाकलं असतं. पण फुप्फुसांतही हा दाह शिरतो, तिथे व्रण धरत जातात आणि फुप्फुसं ताठ होतात. लवकर कळलं तर औषधांचा विचार वेळेवर करता येतो. येत्या भेटीत डॉक्टर मॅडमना पहिल्यांदा हेच सांगणार आहे, सांध्यांचं नंतर. मिलिंद बरोबर येतोय. धाप कधीपासून लागते हे त्याच्या लक्षात आहे, माझ्या नाही.