माळाच्या मातीची नोंद : पद्धत बसवतानाचा माझा अनुभव

शेतकऱ्याच्या मातीला २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका आहे. बारा घटक तपासले जातात. बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, जिरायतीत दहा हेक्टरला एक. बांधापलीकडच्या वनखात्याच्या माळाला आणि गावच्या गायरानाला असलं काही नाही. राष्ट्रीय वनसर्वेक्षणात ठरावीक ठिकाणी ३० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन मातीतला कर्ब (कार्बन) तपासतात, पण तो हिशोब राज्याचा आणि देशाचा. अमुक बीटमधला, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीतला, माळ सुधारतोय की झिजतोय, हे त्यातून कळत नाही. बारामती, दौंड, इंदापूरकडच्या माळांवर नेमकं हेच कळावं, तेही वनरक्षकाला आणि गावातल्या पोरांना स्वतः मोजता यावं, अशी पद्धत बसवायचं काम आमच्या छोट्या संस्थेने घेतलं. मृदाशास्त्र शिकलेली म्हणून ते माझ्याकडे आलं.

पहिल्या बैठकीपासून सगळ्यांना कर्बाचा आकडा हवा होता. पण गवताच्या ठोंबाखालची माती आणि हातभर अंतरावरची उघडी माती यांच्या कर्बात जेवढा फरक असतो, तेवढा फरक एकाच जागी पाच वर्षांत पडेलच असं नाही. मग दरवर्षी कर्ब तपासून हाती काय येणार? मी आग्रह धरला की कर्ब दहा वर्षांनी बघू, आणि मधल्या काळात लवकर बदलणाऱ्या गोष्टी मोजू : पाणी किती वेगाने मुरतं, ढेकळं पाण्यात टिकतात का, जमीन किती उघडी आहे. हे पटवायला वेळ लागला, पण पटलं. परवानगीचे कागद एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरत राहिले आणि त्यात एक अख्खा पावसाळा गेला, त्यावर जास्त लिहीत नाही.

ढेकळाची चाचणी मला सगळ्यात आवडते. ती जेफ्री हेरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडली. हेरिक तेव्हा न्यू मेक्सिकोतल्या होर्नाडा संशोधन केंद्रात होते. तिकडचं रानही कोरडं आणि चराईचं, म्हणून ती इथे चालेल असं वाटलं. वाळलेल्या मातीचा सहा ते आठ मिलिमीटरचा खडा बारीक चाळणीत ठेवून पाण्यात सोडायचा आणि पाच मिनिटं बघत राहायचं. उघड्या, पापुद्रा धरलेल्या जागेचा खडा पाणी लागताच बुडबुडे सोडत विरघळतो, आणि चाळणीखाली तपकिरी धूर सुटल्यासारखी माती उतरते. मारवेल गवताच्या मुळाजवळचा खडा मात्र तसाच बसून राहतो. नंतर चाळणी पाच वेळा वर-खाली केली तरी त्यातला बराचसा शिल्लक असतो, आणि आत केसासारखी मुळं दिसतात. त्यावरून एक ते सहा असे गुण द्यायचे. पहिल्यांदा हे बघितल्यावर एक वनरक्षक म्हणाले, "मॅडम, म्हणजे माती गवताने बांधलेली असते!" पुढे प्रशिक्षणात मी हेच वाक्य वापरलं.

पण ही चाचणी जशीच्या तशी उचलता आली नाही. आपल्या काळ्या मातीचे वाळलेले खडे, माती कितीही चांगली असली तरी, पाण्यात पटकन फुटतात. तो त्या मातीचा स्वभाव आहे. म्हणून नियम केला : मुरमाड मातीची तुलना मुरमाडशीच, काळीची काळीशीच, आणि नोंदवहीत पहिला रकाना मातीच्या प्रकाराचा.

पाणी मुरण्याचंही तसंच. १५ सेंटिमीटर व्यासाचं लोखंडी कडं जमिनीत ठोकायचं, ४४२ मिलिलिटर पाणी ओतायचं, म्हणजे अडीच सेंटिमीटर पाऊस झाला. ते मुरलं की पुन्हा तेवढंच ओतायचं आणि दुसऱ्या खेपेची वेळ लिहायची, कारण पहिल्या खेपेला जमीन किती कोरडी होती यावरच सगळं ठरतं. काळ्या मातीत उन्हाळ्यात हे करूच नये; पाणी भेगेत गडप होतं आणि आकड्याला काही अर्थ राहत नाही.

मोजायचं कधी, हे ठरवायला एका धनगर अण्णांची मदत झाली. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा कुटुंबांचा तांडा, दिवाळीनंतर कोकणाकडे निघतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येतो. अण्णा म्हणाले, "पाऊस पडून गेला की ओल्यात मेंढरं फिरली तर माळ दबतो. वाळल्यावर कितीबी फिरू द्या." हे शास्त्राला धरूनच आहे, ओली माती जास्त दाबली जाते. आम्ही वेळ ठरवली पाऊस संपून जमीन जरा वाळल्यावर, वाडे हलायच्या आधी. एका वर्षी मे महिन्यात आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मोजलं, तर जमीन बदलली की ऋतू, हे कोणी सांगू शकणार नाही.

हेक्टरी कर्ब काढायला मातीची घनता, म्हणजे ठरावीक आकारमानातल्या मातीचं वजन, लागते. ती मोजणं सर्वांत अवघड गेलं. पाठ्यपुस्तकातली नळी मुरमात जातच नाही. मग छोटा खड्डा करून त्यातली सगळी माती पिशवीत भरायची, खड्ड्याला पातळ प्लास्टिक लावून मापाने पाणी ओतायचं आणि आकारमान काढायचं, हा मार्ग धरला. माती १०५ अंशांवर वाळवून दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळायची, दगडाचे खडे वेगळे तोलून त्यांचं आकारमान वजा करायचं. खडे वजा केले नाहीत तर हेक्टरी कर्बाचा आकडा फुगतो, आणि आपल्या माळांवर खडे काही थोडे नसतात.

सलग समतल चरांचा, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडव्या खणलेल्या लांब चरांचा, प्रश्न वेगळाच होता. चर खणताना खालचा मुरूम वर येतो. एका फेरीत नमुना भरावावरचा आणि पुढच्या फेरीत दोन चरांमधल्या न खणलेल्या पट्ट्यातला आला, तर माती सुधारल्याचा भास होईल. म्हणून चर, भराव आणि मधला पट्टा यांच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या. गवताच्या माळावर सरसकट चर मारून गिरिपुष्पाची झाडं लावण्याबद्दल माझं मत चांगलं नाही, पण ते मत नोंदवहीत उतरू नये यासाठीच ही विभागणी.

उघड्या जमिनीसाठी २५ मीटरचा टेप ताणून दर अर्ध्या मीटरवर सळई टेकवायची, टोक कशावर टेकलं ते लिहायचं : गवत, पालापाचोळा, दगड की उघडी माती. पन्नास टेकण्या, म्हणजे एक टेकणी दोन टक्के. साधं वाटतं, पण एकाच टेपवर दोघांना वेगवेगळं मोजायला लावलं तेव्हा आकडे जुळेनात. वाळकी कुसळी कोणी गवतात धरली, कोणी पाचोळ्यात. मुळाला धरून उभी ती गवत, सुटून पडली ती पाचोळा, असं लिहून काढल्यावर फरक आटोक्यात आला. माझ्या मते पद्धतीतली खरी मेहनत हीच आहे. बदली होऊन आलेला नवा वनरक्षक माझ्याशी न बोलता, फक्त कागद वाचून तोच आकडा काढू शकला, तरच ती पद्धत.

त्याला तीच जागाही सापडली पाहिजे. लोखंडी खुंट्या माळावर टिकत नाहीत, आणि मोबाइलचं स्थान काही मीटरने चुकतं. आम्ही वनहद्दीच्या बुरुजापासून किंवा मोठ्या खडकापासून दिशा आणि अंतर लिहितो, आणि चारही बाजूंचे फोटो जोडतो.

आता एकच मोठी गोष्ट राहिली आहे, नमुने जपून ठेवण्याची. प्रयोगशाळा सध्या वॉकली-ब्लॅक रीतीने कर्ब काढतात. ती रीत १९३४ सालची आहे आणि तिच्यात सगळा कर्ब पकडला जात नाही, म्हणून उत्तराला गुणक लावावा लागतो. दहा वर्षांनी प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं आणि नमुना जाळून कर्ब मोजायला लागले, तर चुनखडीतला कर्बही त्यात मिसळेल आणि जुन्या-नव्या आकड्यांची सांगड बसणार नाही. जुनी माती हाताशी असेल तर ती नव्या यंत्रावर पुन्हा तपासता येते. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासूनच्या प्रयोगांचे नमुने आजही जपलेले आहेत. आम्ही प्रत्येक जागेची अर्धा किलो वाळवलेली माती झाकणाच्या बरणीत भरतो, आत आणि बाहेर पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी लावतो. बरण्या सध्या आमच्या कार्यालयात आहेत. त्या वनखात्याच्या ताब्यात जाव्यात, आणि कार्य आयोजनेच्या (वनखात्याच्या दीर्घ मुदतीच्या आराखड्याच्या) कागदपत्रांत त्यांची यादी जोडली जावी, म्हणून अर्ज केला आहे.