आमची वाटचाल : ऐंशी नंबरची चाळणी आणि शेजारची पुडी

1200 चौरस फूट. सन 2000 मध्ये शेड्यूल टी, म्हणजे आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्यांसाठीची नियमावली आली, तिला किमान एवढी जागा हवी होती, आणि हा आकडा ऐकून वैद्यकाका म्हणाले, "चूर्ण दळायचंय की लग्न लावायचंय?" काका म्हणजे धंद्यातले माझे पहिले भागीदार. वाड्याच्या मागच्या दोन खणांत आमचं सगळं चालायचं. पतसंस्थेचं कर्ज काढून एमआयडीसीत शेड घेतली. नियम जाचक वाटला, पण कच्चा माल एकीकडे आणि तयार माल दुसरीकडे ठेवायची शिस्त त्यानेच लावली, हे मी आजही मान्य करतो.

काकांची खरी प्रयोगशाळा त्यांच्या हातात होती. नीमचहून आलेली अश्वगंधा ते मोडून बघत. कटकन तुटली, आतून पांढरी निघाली, घोड्यासारखा वास आला, तरच पोतं आत. पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं यंत्र, तापला की वास उडतो, म्हणून हिंग्वाष्टक भल्या सकाळीच दळायचं. चाळणी ऐंशी नंबरची, म्हणजे बारीक जाळीची. जाळी सैल झाली की काका ती उजेडात धरून बघत आणि मला हाक मारत.

मग शेजारच्या गावातल्या एकाने सांधेदुखीची पुडी काढली. लेबल नाही, बॅच नंबर नाही, दोन दिवसांत गुडघा मोकळा! आमच्या सिंहनाद गुग्गुळाला आठवडे लागतात. दुकानदारांनी आमचा माल परत पाठवला. पुढे पुडी खाणाऱ्यांचे गाल सुजायला लागले, साखर वाढायला लागली. अशा पुडीत स्टिरॉइड मिसळतात, ते धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. तपासणी लागली तेव्हा नमुने आमचेही गेले. अहवाल येईपर्यंत आमचे डबे काउंटरखाली. अहवाल स्वच्छ आला, पण डबे काही वर आले नाहीत. दिवाळीचा बोनस त्या वर्षी काकांनी स्वतःच्या ठेवीतून दिला. तेव्हाही टिकून राहिल्या त्या कराडच्या एक निवृत्त शिक्षिका. दर महिन्याला एसटीने यायच्या आणि डबा उघडून हुंगल्याशिवाय पैसे द्यायच्या नाहीत.

नंतरची वर्षं बरी गेली.

पुडीवाला आता कॅप्सूल विकतो. लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे औषधाचा नव्हे तर अन्नाच्या परवान्याचा, चौदा आकडी नंबर, शेजारी बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही'. गुडघे बरे होतात हे दुकानदार तोंडाने सांगतो, तोंडावर कुठलं लेबल लावणार? आम्ही 25-डी या आयुर्वेदिक औषध बनवायच्या परवान्यावर औषध करतो. 2010 मध्ये 158-बी हा परवान्यासाठी पुरावे मागणारा नियम आला तेव्हा काकांच्या स्वतःच्या पाठाला, म्हणजे त्यांनी बसवलेल्या औषधाच्या कृतीला, पुरावे मागितले गेले. तो खर्च आम्हाला झेपला नाही, पाठ बंद केला. बनवणाऱ्याला एवढे नियम, आणि आयुर्वेदिक औषध विकायला मात्र दुकानदाराला वेगळा विक्री परवाना लागत नाही. सुरक्षितता ग्राहकाची म्हणता, तर ग्राहक उभा असतो काउंटरसमोर. आमच्या शेडमध्ये नव्हे.

नवीन पोरांना सांगतो, अश्वगंधेची तयार पावडर घेऊ नका, मुळं घ्या. पावडरीत पानं किती ते डोळ्यांना दिसत नाही, आणि पानं वापरू नका असं आयुष मंत्रालयानेच 2021 मध्ये सांगितलंय. चाळणी स्वतः बघा, नोकरावर सोडू नका. जड धातूंची तपासणी निर्यातीच्या वनस्पतीजन्य मालाला 2006 पासून सक्तीची झाली, आम्ही ती इथल्या मालाचीही करतो. शिसं 10 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत दहा भागांच्या आत, पारा 1 च्या आत. अहवाल ऑफिसात फाइलला आहे, कुणीही मागावा. कराडच्या बाई सोडल्या तर अजून कुणी मागितलेला नाही.